अनुभवाचा हिशेब : गुरुदेव रा. द. रानडे

बेळगावकरांना गुरुदेव रानडे हे नाव नवे नाही. हिंदवाडीतले गुरुदेव मंदिर ठाऊक नसलेला माणूस आपल्या शहरात विरळाच. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि माणूस ठाऊक असणे वेगळे. आमच्या पिढीतल्या कोणाला विचारले तर बहुधा एवढेच उत्तर मिळते, की ते एक मोठे संत होते. थोडेफार वाचन असलेला सांगतो, की ते इंग्रजीत लिहिणारे मोठे तत्त्वज्ञ होते. ही दोन्ही वर्णने एकाच माणसाला एकाच वेळी कशी लागू पडली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा लेख.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पावती असल्याशिवाय खर्च मांडू नये, हा धडा आम्हाला पहिल्या वर्षापासून गिरवावा लागतो. अशा विद्यार्थ्याने आत्मज्ञानासारख्या विषयावर लेखणी उचलावी याचे कोणाला हसूही येईल. परंतु आज आत्मज्ञानाच्या नावावर बाजारात जितका माल आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाच्या नावावर असेल. आठवड्याच्या शिबिरात मन:शांती मिळते, मोबाइलवर चार मिनिटांत उपनिषदे समजतात, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या बाजूला, हे सगळे थोतांड आहे, असे सांगून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलाने काय करावे? आपण खरोखर कोण आहोत हे त्याला जाणून घ्यायचे आहे, पण त्यासाठी बुद्धी चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची त्याची तयारी नाही. रानड्यांचे आयुष्य हे अशा मुलाला दिलेले एक उत्तर आहे, असे मला वाटते. ते उत्तर पूर्ण पटो वा न पटो, समजून घेण्याजोगे नक्कीच आहे.

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. दरबार मराठी आणि भोवतालचा मुलूख कन्नड, अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला दोन भाषा काही वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. आपल्या भागातल्या मुलांना हे सांगायला नको. रामभाऊंचे शालेय शिक्षण तिथल्या परशुरामभाऊ हायस्कुलात झाले. मुलगा अत्यंत हुशार. १९०२ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी दिली जाणारी, त्या काळी फार मानाची अशी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली.

परंतु त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट त्याआधीच घडून गेली होती. १९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जमखंडीतच त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. भाऊसाहेब महाराज हे निंबर्गीच्या महाराजांचे शिष्य. निंबर्गीकर महाराज लिंगायत, भाऊसाहेब महाराज देशस्थ ब्राह्मण. त्यांच्यानंतर ज्यांच्याकडे संप्रदायाची धुरा आली ते अंबुराव महाराज जिगजेवणीचे. ही गावे नकाशावर शोधून पाहावीत. उमदी आज महाराष्ट्रात, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आहे. निंबर्गी, जिगजेवणी आणि भाऊसाहेब महाराजांची समाधी असलेले इंचगेरी ही गावे कर्नाटकात, विजयपूर जिल्ह्यात आहेत. राज्याची सीमा या गावांच्या मधून जाते, पण गुरुपरंपरा तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे.

या संप्रदायातली साधना सांगायला फार सोपी आहे. गुरूने नाम द्यायचे, शिष्याने ते ठरलेल्या वेळी, एका जागी बसून, मनातल्या मनात घेत राहायचे. याला नेम म्हणतात. घर सोडावे लागत नाही, वेष बदलावा लागत नाही, नोकरीधंद्याचा राजीनामा द्यावा लागत नाही. जोडीला दासबोधाचे वाचन आणि भजन. आणि या भजनात मराठी अभंगांच्या शेजारी कन्नड पदे सुखाने बसलेली असतात. सांगायला सोपी म्हटले ते एवढ्यासाठी, की करायला ती सोपी नाही. एका विषयाचा अभ्यास सलग तासभर करणे किती कठीण जाते हे आम्हा विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. इथे तर पुढ्यात पुस्तकही नाही.

मॅट्रिकनंतर रामभाऊ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि १९०७ साली गणित घेऊन बी. ए. झाले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे त्यांनी जे जे लिहिले त्यात मांडणीची जी शिस्त दिसते, एक पायरी झाल्याखेरीज दुसरीवर पाय न ठेवण्याची जी सवय दिसते, ती गणिताकडून आली असावी. मात्र पदवीनंतर लगेच पुढची परीक्षा झाली नाही. १९०९ च्या सुमारास ते गंभीर आजारी पडले. प्रकृती पुढे आयुष्यभर नाजूकच राहिली. त्या दुखण्यात त्यांचे मन नामस्मरणाकडे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वळले, आणि विषयही गणिताऐवजी तत्त्वज्ञान झाला. बी. ए. आणि एम. ए. यांच्यामध्ये सात वर्षे गेली. १९१४ साली ते तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले ते सुवर्णपदक मिळवून.

इथे एखादा चिकित्सक मित्र म्हणेल, की दुखण्यात देव कोणालाही आठवतो. त्यात विशेष ते काय? आक्षेप रास्त आहे. दुखण्यात आठवलेला देव बरे वाटू लागले की विसरला जातो, हाही आपला नेहमीचा अनुभव. रानड्यांच्या बाबतीत विशेष एवढेच, की बरे वाटल्यावर ते विसरले नाहीत आणि बुद्धीलाही त्यांनी रजा दिली नाही. उलट, जे आपल्याला आत जाणवते आहे त्याला विचाराचा आधार आहे की नाही, हे तपासायला ते तत्त्वज्ञानाकडे आले. १९१४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन अर्थांनी महत्त्वाचे. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी इंचगेरीला देह ठेवला, आणि त्याच वर्षी रानडे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. ज्याला विचारावे तो गुरू गेला आणि ज्यांना सांगावे ते विद्यार्थी पुढ्यात येऊन बसले.

फर्ग्युसनमधल्या दहा वर्षांत त्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा कसून अभ्यास केला. ग्रीक तत्त्ववेत्त्यांवर त्यांचे विशेष प्रेम. हेराक्लिटस आणि ॲरिस्टॉटल यांच्यावर त्यांनी विद्वत्तापूर्ण निबंध लिहिले. वर्गात ग्रीकांचा बुद्धिवाद शिकवणारा हा प्राध्यापक सुट्टीत गुरुबंधू अंबुराव महाराजांच्या सहवासात राहण्यासाठी विजयपूरच्या बाजूला जाई. एकीकडे विद्यापीठाची पदवी, ग्रीक आणि संस्कृत; दुसरीकडे खेड्यातला एक कन्नड साधक. पण साधनेच्या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे कोण आहे, याविषयी रानड्यांच्या मनात संदेह नव्हता. आपण ज्याला सुशिक्षित म्हणतो त्याच्या अंगी हे सहसा येत नाही. पदवी ही एका प्रकारच्या ज्ञानाची पावती आहे, सगळ्या ज्ञानाची नव्हे, हे त्यांनी आचरणातून मान्य केले होते.

१९२४ साली त्यांनी फर्ग्युसनची नोकरी सोडली. प्रकृती साथ देत नव्हती आणि साधनेची ओढ वाढली होती. ते निंबाळला येऊन राहिले. निंबाळ हे सोलापूर-विजयपूर रेल्वेमार्गावरचे एक लहानसे स्टेशन. इंडी तालुक्यातला कोरडा, उघडा माळ. स्टेशनाजवळच त्यांचे राहणे होते, पुढे त्याचाच आश्रम झाला. असा एकांत मिळाल्यावर माणूस लिहिणे-वाचणे बाजूला ठेवील, असे आपल्याला वाटते. घडले ते वेगळेच. १९२६ साली उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि रानडे हे नाव हिंदुस्थानाबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोचले. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्यासह भारतीय तत्त्वज्ञानाचा अनेक खंडांचा इतिहास लिहिण्याची योजना त्यांनी आखली होती, तीही याच काळातली.

या ग्रंथात त्यांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. उपनिषदे म्हणजे एकाच मताचे एकसंध पुस्तक, असे आपण समजतो आणि मग ते मत अद्वैताचे की द्वैताचे यावर वाद घालतो. रानड्यांनी दाखवून दिले, की उपनिषदांत अनेक ऋषी बोलतात, अनेक तऱ्हांनी विचार करतात, आणि सांख्य, योग, वेदान्त, इतकेच काय पण बौद्ध विचारांचीही बीजे तिथे सापडतात. विश्वाची उत्पत्ती, मनाचे व्यापार, अंतिम सत्य, नीती असे विषय घेऊन, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची पद्धत वापरून, त्यांनी ती सगळी सामग्री लावून दिली. आणि शेवटचे प्रकरण ठेवले ते आत्मसाक्षात्काराचे. म्हणजे ग्रंथाची सगळी वाट ज्या ठिकाणी येऊन पोचते ते ठिकाण प्रत्यक्ष अनुभवाचे आहे. वाद शब्दांच्या पातळीवर होतात. ज्या अनुभवातून ते शब्द निघाले तिकडे वळा, असे या रचनेतून सुचवले जाते.

उपनिषदांतल्या दोन कथा या संदर्भात मला फार बोलक्या वाटतात. दोन्ही छांदोग्यातल्या आहेत. पहिली नारदाची. नारद सनत्कुमारांकडे जातो आणि आपण काय काय शिकलो आहोत त्याची यादी सांगतो. यादी लांबलचक आहे; वेद आहेत, इतिहास आहे, गणितही आहे. एवढे शिकूनही आपला शोक गेलेला नाही, अशी त्याची तक्रार असते. आजच्या भाषेत सांगायचे तर गुणपत्रिका उत्तम आहे आणि मन ठिकाणावर नाही. दुसरी कथा इंद्र आणि विरोचन यांची. आत्मा म्हणजे काय हे शिकायला दोघे प्रजापतीकडे जातात आणि बत्तीस वर्षे राहतात. पाण्यात दिसणारे प्रतिबिंब हाच आत्मा, असे त्यांना सांगितले जाते. विरोचन समाधानाने घरी जातो आणि आपल्या लोकांना देहपूजा शिकवतो. इंद्र अर्ध्या वाटेवर थांबतो. देह नटला की प्रतिबिंब नटते, देह आंधळा झाला की तेही आंधळे होते, मग यात टिकाऊ ते काय, अशी शंका त्याला येते. तो परत फिरतो. असे तीनदा होते आणि एकंदर एकशे एक वर्षांनी त्याला उत्तर मिळते. या कथेत इंद्राला उत्तरापर्यंत नेणारी गोष्ट म्हणजे त्याची शंका. श्रद्धा आणि शंका एकमेकींच्या वैरिणी आहेत, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे. उपनिषदातला शिष्य तरी तसे मानीत नाही. रानडेही मानीत नसत.

१९२७-२८ च्या सुमारास रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. त्या वेळी डॉ. गंगानाथ झा हे तिथले कुलगुरू होते. पुढे रानडे स्वतःही त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९४६ साली निवृत्त झाले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे ते गंगाकाठी राहिले. सुट्टी लागली की निंबाळला यायचे आणि सुट्टी संपली की परत जायचे. विद्यापीठाचे काम काही थोडे नसते; नेमणुका, परीक्षा, सभा, कागदपत्रे यांत भल्याभल्यांचा दिवस संपून जातो. तरी नेम सुटला नाही. पंधराव्या वर्षी धरलेला नेम सत्तराव्या वर्षापर्यंत, म्हणजे पंचावन्न-छप्पन्न वर्षे. भगवी वस्त्रे घालून हे करणारे आपल्याकडे होऊन गेले. प्राध्यापकाचा अंगरखा घालून, पगार घेऊन, घरसंसार सांभाळून करणारा हा माणूस म्हणूनच आपल्याला अधिक जवळचा आहे. १९३६ साली डॉ. राधाकृष्णन आणि म्यूरहेड यांनी संपादित केलेल्या समकालीन भारतीय तत्त्वज्ञांच्या संग्रहात रानड्यांनी आपल्या विचारांच्या वाटचालीवर लेख लिहिला आहे. तत्त्वज्ञांच्या त्या मेळाव्यात एका नामधारकाला जागा मिळाली, यातच पुष्कळ काही आले.

आता ज्या ग्रंथासाठी मराठी माणसाने त्यांचे ऋण मानले पाहिजे त्याकडे वळतो. १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावर त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम आणि रामदास अशा पाच युगांत त्यांनी संतपरंपरेची मांडणी केली. ज्ञानेश्वरांत बुद्धीचे तेज, नामदेवांच्या काळात सर्व जातींच्या संतांचा मेळा, एकनाथांत प्रपंच आणि परमार्थ यांचा समन्वय, तुकारामांत एका जिवाची तळमळ, रामदासांत कर्माची प्रेरणा, अशी प्रत्येक युगाची ओळख त्यांनी ठरवली. आधी संतांच्या मूळ वचनांचे निवडक संग्रह त्यांनी मराठीत तयार केले, ते वचनामृत या नावाने प्रसिद्ध आहेत. म्हणजे आधी पुरावा गोळा करायचा, मग निष्कर्ष मांडायचा. आमच्या लेखापरीक्षणाच्या तासाला याहून वेगळे काही शिकवत नाहीत.

पण इथेच खरी अडचण उभी राहते. साधकाला ध्यानात प्रकाश दिसतो, नाद ऐकू येतो, रंग आणि रूपे दिसतात, असे संत सांगतात आणि रानडे त्याची नोंद घेतात. हे मनाचे खेळ कशावरून नाहीत? ज्याला दिसते तो एकटाच साक्षीदार. बाहेरच्याला दाखवता येईल अशी पावती नाही. रानड्यांनी हा प्रश्न टाळला नाही. अनुभव खरा की भास, हे ठरवायला त्यांनी कसोट्या सांगितल्या. पहिली सार्वत्रिकतेची : वेगवेगळ्या देशांत, काळांत आणि भाषांत, एकमेकांना न भेटलेले साधक तेच सांगतात का? दुसरी बुद्धीची : ज्याला अनुभव आला त्याची विचारशक्ती तल्लख राहते की मंदावते? तिसरी भावनेची : त्याचे हृदय अधिक कोमल, अधिक संपन्न होते का? चौथी नीतीची : त्याच्या वागण्यात, इतरांशी असलेल्या व्यवहारात, सुधारणा दिसते का?

यातली पहिली कसोटी वाचताना मला आमची तेरीज आठवली. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबरच आहे असे होत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच चूक असली तरी ती जुळते. त्याचप्रमाणे शंभर साधक एकच गोष्ट सांगतात एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. माणसाचे मनच सगळीकडे सारखे चुकत असेल, असे कोणी म्हणू शकेल. म्हणूनच उरलेल्या तीन कसोट्यांचे महत्त्व मला जास्त वाटते, आणि त्यातही चौथीचे. आत काय दिसले ते बाहेरच्याला कळणार नाही, पण तो माणूस खोटे बोलतो का, लोभ धरतो का, हाताखालच्या माणसाशी कसा वागतो, हे शेजाऱ्यालाही कळते. बुवाबाजीच्या आजच्या काळात ही एक कसोटी जरी लोकांनी लावली तरी निम्मा बाजार उठेल. आणि ही कसोटी एका साक्षात्कारमार्गी माणसानेच आपल्या हाती दिली आहे, हे विसरू नये.

याच परंपरेतली दुसरी एक वाट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. भाऊसाहेब महाराजांचेच दुसरे एक शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांनी नामाइतकाच, किंबहुना नामाहूनही अधिक, विचारावर भर दिला. मी देह आहे ही समजूत विवेकाने काढून टाकणे हा त्यांचा मार्ग. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचे दुकान चालवीत आणि घरच्या माळ्यावर जिज्ञासूंशी बोलत. १९८१ साली ते गेले तोवर जगभरची माणसे तिथे येऊन गेली होती. एकाच गुरूच्या घरून निघालेल्या दोन वाटा, एक विद्यापीठातून गेली आणि एक दुकानातून. नाम मोठे की विचार मोठा, यावर वाद घालणारे घालोत. दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी आहे : कोणा दुसऱ्याने सांगितले म्हणून मान्य करून थांबायचे नाही, स्वतः पाहायचे.

अंबुराव महाराज १९३३ साली गेले आणि नाम देण्याची जबाबदारी रानड्यांवर आली. १९४६ नंतर ते निंबाळला कायमचे आले. विश्रांतीचे हे दिवस त्यांनी भाषांची वेस ओलांडण्यात घालवले. १९५२ साली आपल्या बेळगावात त्यांनी तुलनात्मक तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी अकादमी स्थापन केली. १९५४ साली हिंदी संतांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात कबीर, सूरदास, तुलसीदास, मीरा यांच्या पदांतून परमार्थाची वाट उलगडून दाखवली आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात त्यांनी कन्नड संतसाहित्यावर व्याख्याने दिली. त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी गीतेवरचा ग्रंथ आला होता. आधुनिक भाष्यकारांच्या मतमतांतरांच्या चक्रव्यूहातून बाहेर पडायची वाट ईश्वरानुभवात आहे, असे त्यात मांडले आहे.

कन्नड संतांवरच्या या कामाचा उल्लेख करताना मला मुद्दाम थोडे थांबावेसे वाटते, कारण आपले हे नियतकालिक दोन विभागांचे आहे. मराठी विभाग वाचणारा सहसा कन्नड विभागाची पाने उलटीत नाही आणि कन्नड वाचणारा मराठीची. मी दोन्ही वाचतो, आणि दोन्हींकडे एकाच विठ्ठलाचे नाव भेटते. वारकऱ्यांचा विठ्ठल तोच पुरंदरदासांचा. त्यांच्या पदांची मुद्राच पुरंदर विठ्ठल ही आहे. रानड्यांना हे जुळवून आणावे लागले नाही. सार्वत्रिकतेची जी कसोटी त्यांनी लावली होती तिचे साक्षीदार त्यांना घराच्या ओसरीवरच भेटले : एकीकडे ज्ञानेश्वर आणि तुकाराम, दुसरीकडे बसवेश्वर, पुरंदरदास आणि कनकदास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यावरून उठलेल्या वादात शिरण्याचे हे स्थळ नाही आणि त्यातल्या कोणाच्याही वेदना मी कमी लेखीत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या वर्षांत भाषेच्या नावाने माणसे दुरावत होती त्याच वर्षांत हा मराठी माणूस कन्नड पदांतून तोच देव शोधीत होता, आणि त्यासाठी त्याला आपली मराठी सोडावी लागली नाही.

६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे गुरुदेवांनी देह ठेवला. एकाहत्तर वर्षे पूर्ण व्हायला महिना कमी होता. त्यांची समाधी तिथेच आहे.

हे सगळे वाचून मी काय ठरवले, असे कोणी विचारील. प्रामाणिकपणे सांगतो. साधकांना दिसणारा प्रकाश खरा, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मला तो दिसलेला नाही. तो खोटा, असेही म्हणता येत नाही. कारण तो दिसल्याचे सांगणारा हा माणूस गणिती होता, ग्रीकांचा अभ्यासक होता, आणि स्वतःच्या अनुभवालाही कसोट्या लावणारा होता. आमच्या हिशेबात उचंत खाते नावाचे एक खाते असते. जी रक्कम कुठल्या खात्यावर टाकावी हे आज ठरवता येत नाही ती तिथे मांडून ठेवतात. ती फेकून देत नाहीत आणि घाईने भलत्या खात्यावरही टाकत नाहीत. मात्र ते खाते कायमचे उघडे ठेवणे हा हिशेबनिसाचा आळस समजला जातो; पुरावा शोधून ते केव्हातरी मिटवावे लागते.

रानड्यांच्या मते इथे पुरावा शोधण्याची जागा एकच आहे, आणि ती ग्रंथालयात नाही. रोज ठरलेल्या वेळी, कोणी पाहत नसताना, फळाची घाई न करता बसणे, आणि त्याचबरोबर वाचणे, शंका घेणे, आपले वागणे तपासून पाहणे. त्यांनी हे छप्पन्न वर्षे केले. आपण छप्पन्न दिवस करून पाहावे आणि मग बोलावे. परीक्षेचा अभ्यास, पुढची नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या यांच्या आड ते येत नाही, एवढे तरी त्यांच्या चरित्राने सिद्ध केले आहे.